सीटबेल्टचा खटका: लागतो कसा, सुटतो कसा

मागच्या वर्षी आत्याला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शिरवळच्या आसपास पेट्रोल भरायला थांबलो. पाय मोकळे करायला सगळे उतरले, आत्या मात्र मागेच बसून राहिली. थोड्या वेळाने काच खाली करून म्हणाली, “अरे बाळा, हे सुटेना. जरा बघतोस का?”

मी वाकून पाहिलं. आत्या पुढे झुकून बसली होती, त्यामुळे पट्टा ताठ ओढला गेला होता. बकल अर्धं सीट कव्हरच्या शिवणीखाली गेलं होतं, लाल बटणाची जेमतेम एक कड वर दिसत होती, आणि त्या कडेवर ती तर्जनीच्या नखाने जोर देत होती. नखाखालचं बोट पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, “आत्या, आधी मागे टेकून बस.” कव्हर बाजूला सारलं, तिचा अंगठा बटणाच्या मधोमध ठेवला आणि दाबायला सांगितलं. टक् झालं, पट्टा सुटला. उतरता उतरता ती म्हणाली, “म्हणूनच मला हे लावायला नको वाटतं. उद्या काही झालं तर सुटायचं कसं?”

मी रोज नव्याने गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसतो. हाच प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे. पट्टा न लावण्यामागे आळस असतो तशी ही भीतीही असते, आणि ती उपदेशाने जात नाही. त्या डबीच्या आत काय घडतं ते कळलं आणि बोटांना सवय झाली, की जाते. म्हणून हा लेख.

आधी दोन वस्तू हातात घेऊन बघा

गाडी उभी असताना, इंजिन बंद करून हे करा. पट्ट्यावर सरकणारी एक धातूची चपटी पट्टी असते, वरून प्लॅस्टिक आणि पुढे चौकोनी भोक. ही जीभ. गॅरेजवाले ‘टंग’ म्हणतात, कोणी क्लिप म्हणतं. ती ज्यात घुसते ते सीटच्या कुशीला असलेलं बकल. बोलीभाषेत त्यालाच ‘लॉक’ म्हणतात. त्याच्या तोंडाशी खाच आणि खाचेलगत लाल बटण.

बटण लाल असतं ते शोभेसाठी नाही. सीटबेल्टसाठी संयुक्त राष्ट्रांचा 16 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यात बटण लालच असावं आणि बकलचा दुसरा कोणताही भाग लाल नसावा असं लिहिलं आहे. घाबरलेल्या माणसाला, किंवा त्याला सोडवायला धावून आलेल्या अनोळखी माणसाला, कुठे दाबायचं हे शोधावं लागू नये म्हणून.

जिभेच्या चौकोनी भोकात बोट फिरवून बघा. सगळा जोर याच भोकाच्या कडेवर येतो.

आत काय होतं

जुन्या वाड्याचं दार आठवा. कडी कोयंड्यात बसते आणि ती निघू नये म्हणून वरून अडसर लागतो. बकलच्या आत तीच कल्पना बोटभर जागेत बसवलेली असते.

जीभ खाचेत सरकवली की ती आधी एका प्लॅस्टिकच्या सरकत्या तुकड्याला आत ढकलते. त्याच्यामागे स्प्रिंग असते, ती दाबली जाते. जीभ आत ढकलताना हाताला जो लवचिक विरोध जाणवतो तो या स्प्रिंगचा. जिभेचं भोक ठरलेल्या जागी आलं की पोलादी खटका त्या भोकात पडतो आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीवर एक छोटा अडसर सरकून बसतो. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो याचा. आता खटक्याला वर उचललं जायला जागाच उरत नाही.

बटण दाबलं की याच्या उलट घडतं. बटण अडसराला बाजूला सारतं, मोकळा झालेला खटका भोकातून वर येतो, आणि मघाशी दाबून ठेवलेली स्प्रिंग जिभेला बाहेर फेकते. म्हणून चांगल्या बकलातून जीभ स्वतःहून उसळून येते, ओढून काढावी लागत नाही. ती रेंगाळत बाहेर येत असेल तर आत काहीतरी अडलेलं आहे असं समजा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

यातली खरी खुबी दिशेची आहे. अपघातात तुमचं अंग पुढे फेकलं जातं आणि पट्टा जिभेला बकलातून बाहेर ओढतो. ती ओढ जिभेच्या लांबीच्या दिशेने असते, आणि खटका हलतो तो त्या ओढीच्या आडव्या दिशेने. त्यामुळे कितीही जोराने ओढलं तरी त्या ओढीने खटका उघडत नाही. ती ओढ पोलादी चौकटीवर जाते आणि चौकटीतून सीटच्या किंवा गाडीच्या सांगाड्यावर. तीन ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्याचं बकल चाचणीत सुमारे दीड टन वजनाइतकी ओढ सोसून दाखवतं. आपल्याकडची छोटी हॅचबॅक एक टनाचीही नसते, यावरून अंदाज करा.

तेच बकल उघडायला मात्र एक अंगठा पुरतो. नियमाप्रमाणे ते एका हाताने, एकाच दिशेच्या एकाच साध्या हालचालीने उघडलं पाहिजे. अंगाचा भार पट्ट्यावर असतानाही बटणाला 60 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. साधारण सहा किलो वजन ठेवल्याइतका. उलट, कोपर किंवा पर्स घासून चुकून उघडू नये म्हणून 10 न्यूटनपेक्षा कमी जोराने ते सुटूही नये. आणि कसोटीची धडक देण्याआधी ते पाच हजार वेळा लावून-सोडून घेतलेलं असतं. आत्याच्या प्रश्नाला यंत्राने दिलेलं उत्तर हे आहे.

आणखी एक. हे सगळं निव्वळ स्प्रिंग आणि पोलाद आहे. बकलला वायर जाते ती मुख्यतः डॅशबोर्डवरच्या दिव्यासाठी आणि एअरबॅगच्या यंत्रणेला माणूस बांधलेला आहे की नाही हे कळवण्यासाठी. बॅटरी संपली, गाडी पाण्यात गेली, वीज गेली, तरी बटण दाबलं की पट्टा सुटतो.

लावताना

आधी सीट नीट करा, पाठ टेकून बसा. पट्टा दाराशेजारच्या खांबाकडून हळू, एका लयीत ओढा. हिसका दिला की पट्टा गुंडाळून ठेवणारं रीळ अडकतं, आणि नवशिके समजतात की पट्टा बिघडला. तो बिघडत नाही, हिसक्याला अडकणं हेच त्याचं काम आहे. सोडून थोडा परत जाऊ द्या आणि पुन्हा हळू ओढा. घाटात गाडी उतारावर उभी असेल तरीही रीळ कधी अडकून बसतं. ते तिरपेपणामुळे होतं.

जीभ हातात घेतली की पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना ते बघा. पिळलेला पट्टा दोरीसारखा रुततो आणि जीभही तिरकी जाते.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचं बकल डाव्या कुशीला. शेजारच्याचं उजव्या कुशीला. जीभ खाचेत सरळ घाला, तिरकी नको, आणि टक् होईपर्यंत आत ढकला. मग जीभ धरून एकदा बाहेर खेचून बघा. हे खेचून बघणं सोडू नका. बकल अर्धवट लागूच नये अशीच त्याची घडण असते, पण आत कचरा असला तर जीभ नुसती घर्षणाने अडकून राहू शकते. डोळ्यांना ते लागल्यासारखं दिसतं. खेचलं की कळतं.

आता खालचा पट्टा पोटावरून काढून कमरेच्या हाडांवर आणा, जितका खाली बसेल तितका. पोट मऊ असतं, हाड धक्का सोसतं. गरोदर बाईने तर तो पोटाच्या खालूनच घ्यावा. वरचा पट्टा गळ्याला घासता कामा नये आणि खांद्यावरून घसरताही कामा नये. खांद्याच्या मध्यावरून छातीच्या मधोमध यावा. काखेखालून तर कधीच घेऊ नका. पट्ट्याची ढील वरच्या बाजूला ओढून काढून टाका. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतली जीभ हाताला चटका देते, तेव्हा ती प्लॅस्टिकला धरूनच उचला.

सोडताना

मागे टेका म्हणजे पट्टा सैल होतो. एका हाताने जीभ किंवा पट्टा धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणाच्या मधोमध ठेवा आणि सरळ खाली दाबा. कडेला दाबलं तर बटण तिरकं होतं आणि अडसर पुरता सरकत नाही. नखाने नको, अंगठ्याच्या पेराने. पट्टा हातातून एकदम सोडून देऊ नका. जीभ काचेवर किंवा शेजारच्याच्या गालावर आपटते. हाताने सावकाश खांबापर्यंत जाऊ द्या, नाहीतर ती दारात सापडते.

विमानप्रवासाची सवय असलेली मंडळी कधीकधी बकलचा वरचा भाग उचलू पाहतात. विमानातला पट्टा झडप उचलून सुटतो, गाडीतला बटण दाबून.

मागची सीट

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक घोटाळे इथेच होतात.

नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर बसवलं जातं. बसवणारा घाईत मागची बकलं कव्हरखाली दाबून टाकतो, आणि पुढची पाच वर्षं त्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा आहे हेच कोणाला आठवत नाही. कव्हर बसवून झालं की दुकानातच मागे बसा, तिन्ही बकलं वर आली आहेत का, बटणं पूर्ण मोकळी आहेत का ते बघा, आणि प्रत्येक पट्टा एकदा लावून-सोडून बघा. शिवण आड येत असेल तर तिथे भोक वाढवून घ्या. त्यासाठी दुकानदाराशी वाद घालावा लागला तरी घाला. आत्याचं बकल अडलं होतं ते एवढ्याचसाठी.

मागे तीन बकलं शेजारी-शेजारी असली की कोणाची जीभ कोणात हा गोंधळ होतो. बऱ्याच गाड्यांत मधल्या बकलवर खूण असते, किंवा त्याची खाच वेगळ्या रुंदीची असते, म्हणजे चुकीची जीभ त्यात बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नका, शेजारचं बकल बघा. मधल्या माणसाने आधी लावावा आणि मग कडेच्यांनी, म्हणजे हात घालायला जागा मिळते.

मागे बसलेल्याला पट्टा लागत नाही हा समज फार खोलवर रुजला आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले ते आणि त्यांचे सहप्रवासी दोघेही गेले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचं माणूस बांधलेलं नसेल तर ते पुढे फेकलं जातं आणि पुढच्यालाही चिरडतं. ज्यांना स्वतःची काळजी वाटत नाही त्यांना मी हे सांगतो.

खोटी जीभ

पट्टा न लावता फक्त बीप बंद करायला बकलमध्ये खोचायची नुसती धातूची जीभ बाजारात मिळते. बकलच्या आतल्या स्विचला ती खरी वाटते. मग दिवा विझतो, आणि एअरबॅगच्या यंत्रणेलाही माणूस बांधलेला आहे असा खोटा निरोप जातो. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा हटवायला लावल्या. हटवलेल्या जाहिराती 13,118 होत्या. सेकंड हँड गाडी घेतली आणि बकलमध्ये असं काही सापडलं तर काढून फेका. पट्टा पाठीमागून घेऊन बकलमध्ये अडकवणं हाही त्यातलाच प्रकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, आणि 14 वर्षांखालच्या मुलाला बांधलं नसेल तरीही तेवढाच.

बकल अडलं तर

टक् आवाज येत नाही, जीभ बसते पण खेचल्यावर निघते, बटण दाबलेलंच राहतं, जीभ उसळून बाहेर येत नाही, किंवा पट्टा लावूनही दिवा विझत नाही. यातलं काहीही झालं तर त्या सीटवर कोणाला बसवू नका, आधी कारण शोधा.

बहुतेक वेळा कारण खाण्याचं असतं. आमच्या एका शिकाऊ मुलाच्या घरच्या गाडीचं मागचं बकल लागेना. मोबाइलच्या उजेडात खाचेत पाहिलं तर शेंगदाण्याचं टरफल उभं अडकलं होतं आणि त्याच्यामागे चिकट काहीतरी, बहुधा उसाच्या रसाचं. चिवड्यातले शेव, खडीसाखर, एक रुपयाचं नाणं, मुलांच्या खेळण्याचे तुकडे, सगळं या खाचेत जातं, कारण तिचं तोंड वर असतं.

करायचं ते इतकंच. खाच खाली येईल असं बकल उलटं धरून हलकेच ठोका. व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड खाचेला लावून कचरा ओढून घ्या. जीभ ओल्या फडक्याने पुसून वाळवा, कारण पुष्कळदा चिकटपणा तिच्यावरच असतो. मग दहा-पंधरा वेळा लावून-सोडून बघा.

काय करू नये हे जास्त महत्त्वाचं. तेल, ग्रीस किंवा गंज काढायचा स्प्रे आत मारू नका. चार दिवस बरं वाटेल, नंतर त्या तेलाला धूळ चिकटून आत लगदा होईल. स्क्रूड्रायव्हर आत घालू नका. बकल खोलू तर मुळीच नका. काही गाड्यांत बकलच्या बुडाशी धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी स्फोटक नळकांडी असते. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका, तो त्या यंत्रणेचा असतो. साफ करूनही सुधारलं नाही तर पूर्ण बकल बदलून घ्या, मूळ कंपनीचंच. अपघातात ताण आलेला पट्टा आणि बकलही बदलायचं असतं, वरून धड दिसत असलं तरी.

एवढासा तुकडा काय करतो याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. 1995 मध्ये तिथे ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या सीटबेल्टांमुळे 80 लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लाल बटणाचं प्लॅस्टिक ठिसूळ होऊन त्याचे कण बकलमध्ये पडत होते, आणि मग बकल नीट लागत नव्हतं किंवा सुटत नव्हतं. तुमच्या बकलच्या बटणाला चीर गेली असेल तर ती किरकोळ समजू नका.

लहान मुलाच्या सीटचं बकल

बाळाच्या सीटला दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या दोन जिभा असतात. त्या आधी एकमेकींत जुळवायच्या आणि मग एकदम बकलमध्ये घालायच्या. एकच घातली तर ती बसत नाही. हे बटण मुद्दाम कडक ठेवलेलं असतं. जुन्या 44 क्रमांकाच्या नियमात त्यासाठी 40 ते 80 न्यूटन अशी मर्यादा आहे, मुलाच्या बोटांना ते उघडता येऊ नये म्हणून. आजीआजोबांनाही ते उघडत नाही, तर बाळ त्यांच्याबरोबर जाणार असेल तेव्हा घरीच त्यांच्याकडून चार वेळा करून घ्या.

अडचणीच्या वेळी

गाडी उलटली असेल तर तुम्ही पट्ट्याला लटकत असाल आणि सगळा भार बकलवर असेल. बटण नेहमीपेक्षा घट्ट लागेल. लगेच दाबू नका, डोक्यावर पडाल. एक हात छतावर घट्ट टेकवा, पाय समोर रोवा, हनुवटी छातीला लावा. हाताने भार उचलला की बकलवरचा ताण कमी होतो. मग दुसऱ्या हाताने दाबा. आग, पाणी किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल आणि मान किंवा पाठ दुखत असेल तर घाई नको, 112 ला फोन करा.

गाडी पाण्यात गेली तर क्रम हा: पट्टे सोडा, लगेच काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः. दार उघडायच्या नादात वेळ घालवू नका, बाहेरून पाण्याचा दाब असतो.

पट्टा कापायचं छोटं हत्यार मिळतं. ते हात पोचेल तिथे, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको. पट्टा ताणून धरायचा आणि तिरका कापायचा.

हे सगळं वाचून उपयोग तेव्हाच, जेव्हा हाताला पाठ होईल. आज गाडी अंगणात उभी असताना ड्रायव्हरच्या सीटवर बसा, पट्टा लावा, डोळे मिटा. डावा हात मांडीवरून खाली नेत बकल शोधा. आधी प्लॅस्टिकची कड लागेल, मग बटणाचा सपाट भाग. अंगठा मधोमध ठेवा, दाबा. पुन्हा लावा, पुन्हा सोडा. मग तेच उजव्या हाताने करून बघा, डावा हात दुखावला आहे असं समजून. चौथ्या-पाचव्या वेळेला अंगठा न चाचपडता जागेवर जातो. मग शेजारच्या सीटवर जाऊन पहिल्यापासून सुरू करा, कारण तिथे बकल उजव्या कुशीला असतं आणि हात बदलतो.